पोटापर्यंत पोचवलेला निरोप

नौपाड्यातल्या सोनोग्राफी सेंटरमधल्या मावशींचं नाव मुलासाठीच्या उपचारांच्या वर्षभरात मी कधी विचारलं नाही. मला टेबलावर आडवं केलं की त्या स्क्रीनकडे बघत माझ्या अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीला दटावायच्या, "अगं, पिकायला अठरा मिलिमीटरची हो ना!"

परवा ती बारा मिलिमीटरवरच अडली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या एका जीनमुळे वाढीचा निरोप पेशींपर्यंत नीट पोचत नाही." मला रडू फुटलं.

"मग मोठ्याने सांगायला नको?" म्हणत मावशी माझ्या पोटावर वाकून ओरडल्या, "ए बाई, वाढ गं! ही कळव्याहून पोटभर पाणी पिऊन येते, रिक्षात हाल होतात हिचे!"

बाहेरच्या बायका दारात जमल्या. मी रडता रडता हसत सुटले.

मॅडमनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि पिशवीला पुन्हा एकदा मोजलं.