धोंडुबाईला घरी आणताना

पेणला रामवाडीत, हायवेच्या कडेला निलेशचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी शाळेत शिकवायचे; तो माझ्या वर्गात होता तेव्हा गणितात कच्चा, पण वर्गातला पंखा अडला की शिपायाच्या आधी हाच टेबलावर चढलेला असायचा. आता चाळिशी उलटली, केस विरळ झाले. बोनेट उघडल्यावर मान तिरकी करून बघायची सवय मात्र तेव्हाचीच आहे.

त्याचे वडील काळुराम धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर राबले. मिठागर बंद पडलं, पुढे काळुरामही गेले. आई धोंडुबाई खाडीकडे तोंड करून असलेल्या आपल्या दोन खोल्यांतच राहिली. निलेश तिला पेणला चल म्हणून थकला.

त्या काठावरच्या गाड्यांना खारा वारा लागतो आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड धरते. गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून कोणी आलं, की निलेश आधी टोकांवर गरम पाणी ओततो, ब्रशने घासतो, नट आवळतो. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. गिऱ्हाईकंसुद्धा येतानाच सांगतात, ‘निलेशभाऊ, गाडीनं मीठ खाल्लंय.’ मग तो हसतो आणि किटली उचलतो.

गेल्या वर्षी धोंडुबाईचा आजार बळावला. रोह्याला मुलगी नमिता असते. जवळच दवाखाना, म्हणून तिला तिकडे नेलं. मी भेटायला गेले होते. अंगाची काडी झाली होती, जीभ मात्र शाबूत. जावयाच्या घरात पाय पसरून झोपायची लाज वाटते, असं तिने जावयासमोरच मला सांगितलं. मग हळूच म्हणाली, ‘बाई, तुमचं तो ऐकतो. त्याला सांगा, मला माझ्या दारात न्यायला. मरायचं तर तिथं मरेन.’ मी निलेशला सांगितलं. पुढे डॉक्टरांनीही हात टेकले आणि घरी न्यायला हरकत नाही म्हणाले. तेव्हा तो स्वतःची जुनी गाडी घेऊन निघाला.

वडखळच्या अलीकडेच लाल दिवा लागला. त्याने गाडी चहाच्या टपरीशी घेतली, बोनेट उघडलं. टोकांवर पूड होतीच. टपरीवाल्याकडून गरम पाणी घेऊन त्याने ती धुतली, आवळली. दिवा गेला. अल्टरनेटर फिरवणारा इंजिनाचा पट्टाही हाताने दाबून पाहिला, तो ताठ होता. वीज मोजायचा मीटर मागच्या डिकीत होता. चालू इंजिनावर तो लावला असता, तर गाडी बॅटरीला वीज पुरवत नाही हे कळलं असतं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर लावलाच असता. पण दिवा गेला होता आणि आई तिकडे वाट बघत होती.

रोह्याहून निघताना धोंडुबाईला मागच्या सीटवर नमिताच्या मांडीवर डोकं देऊन झोपवलं. ऊन होतं, म्हणून एसी लावला. नागोठणं मागे पडलं आणि दिवा पुन्हा लागला. निलेशने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. पट्टा शाबूत असेल तर उरलेल्या बॅटरीवर गाडी काही अंतर जाते, हे त्याला माहीत होतं. घरापर्यंत पोचू, असा त्याने हिशेब धरला. कासूच्या अलीकडे स्टिअरिंग जड झालं, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली.

त्याने ढकलून गाडी झाडाच्या सावलीत घेतली. आता मीटर काढला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमधले कार्बनचे ब्रश झिजून गेले होते. ते रस्त्यावर बदलता येण्यासारखं नव्हतं. त्याने रामवाडीच्या मित्राला व्हॅन घेऊन बोलावलं. मित्र लगेच निघाला, पण वडखळला डोलवीच्या कंपनीचे ट्रेलर अडकून पडलेले. त्यात तोही अडकला. वाटेतल्या एका टेम्पोवाल्याने नेतो म्हटलं, पण आईला उचलून मागे हौद्यात ठेवायची नमिताची छाती झाली नाही. तिला श्वास तेव्हाच लागला होता.

व्हॅन आली तेव्हा धोंडुबाई गेलेली होती. तिला घरी नेलं. गावच्या बायकांनी अंगणात पाणी तापवून तिला आंघोळ घातली, नऊवारी नेसवली. माणसं निलेशला म्हणाली, पोरा, आणलंस ना शेवटी. तो मान हलवत राहिला.

महिन्याभराने मी दुकानात गेले तेव्हा तो एका रिक्षाच्या बॅटरीवर वाकलेला होता. मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. बराच वेळ नमिताच्या मुलांबद्दल बोलला. मग हातातलं काम न थांबवता म्हणाला,

“बाई, गाडी थांबली तशी आये जागी झाली. म्हणाली, ‘निलेश, आलं का रं घर?’ मी पुढं बोनेटखाली होतो. मला ऐकू आलं.”

“मग?”

“नमी बोलली, ‘व्हय गो आये, आलं.’ मग तिनं डोळे मिटले.” त्याने कापडाने हात पुसले. “माझं नाव घेऊन इचारलं होतं, बाई. नमीला नाय.”

चहा आला होता. निलेश पुन्हा बॅटरीवर वाकला, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळून कप उचलला.