माझी दहा बोटं

"हाथ आगे कर."

मी केले. सरांनी माझ्याच वेणीची लाल रिबीन सोडली, दोन्ही हात जोडायला लावले आणि दहाही बोटं करकचून बांधली. सातवीचा वर्ग, बुऱ्हाणपुरातली मोठी शाळा. फळ्यावर बासष्ट वजा अठ्ठावीस.

"अब बता. उँगली के बिना."

नाही सांगता आलं. तास संपेपर्यंत तशीच फळ्याजवळ उभी. नाक वाहत होतं, पुसता येईना. पोरं हसत होती. अजून ते आठवलं की माझे पाय एका जागी राहत नाहीत. हे लिहितानाही तीनदा उठले, अंगणात फेऱ्या मारून आले.

आम्ही दापोऱ्याचे. माय केळीच्या बागेत मजूर, घड वाहायची. मोठ्या शाळांनी गरिबांच्या लेकरांना काही जागा द्यायच्या, असा नियम आला. त्यात माझा नंबर लागला. माय गावभर सांगत सुटली. शाळेत आम्हाला 'कोटेवाले' म्हणायचे. वर्ग एकच, पण आमचा बाक शेवटचा.

मला आकडे कळत नाहीत. वाचता येतं, कविता पाठ, नकाशा बिनचूक. पण सात मोठे की नऊ विचारलं की मी अडकते. संध्याकाळी पाठ केलेला पाढा सकाळी साफ. आळस नव्हता हो! मायची शप्पथ.

बागेत याचं कुणाला काही वाटायचं नाही. गाडी भरताना दर घडामागे केळीच्या पानाचा एक तुकडा बाजूला टाकायचा, ही आमच्याकडची रीत. शेवटी तुकड्यांचे वीस-वीसचे ढीग लावायचे. कुणी तोंडी मोजायला लागला की मुकादमच ओरडायचा, "पान टाक रे शहाण्या!" मला वाटलं, मोजायला पान लागतंच, सगळीकडे. म्हणून मी कंपासपेटी भरून तुकडे शाळेत नेले. सरांनी ते खिडकीतून भिरकावले.

"कचरा लाई है! तुम लोगों के दिमाग में गणित घुसता ही नहीं."

मग मी बोटांवर आले. मग रिबीन. आणि मग रिबीन रोजचीच झाली.

माय ज्या बागेत राबायची, तिच्या मालकाची मुलगी रिया माझ्याच वर्गात होती. पहिला बाक. तिलाही आकडे यायचे नाहीत. ती बाकाखाली बोटं मोजायची, मी पाहिलं होतं. तिला सर म्हणायचे, "कोई बात नहीं, बेटा."

रियाला इंदूरला डॉक्टरकडे नेलं. तिला आकडे का येत नाहीत, याचा तिथून कागद आला. मग तिथल्या डॉक्टरीणबाईच शाळेत आल्या, पालकांच्या मीटिंगला. त्यांनी सोपं करून सांगितलं. आकड्यांचं काम मेंदूत एकाच जागी होत नाही, बऱ्याच जागा एकमेकींशी बोलतात. काही लेकरांत हे बोलणं वेगळ्या तऱ्हेनं चालतं, कुठे कमी, कुठे जास्त. लेकरू ढ नसतं, कामचुकार नसतं. त्याला शिकवायची तऱ्हा बदला.

मी मागे मायजवळ बसून ऐकत होते आणि माझे कान तापले होते. अगं बाई, हे तर माझंच सांगतायत!

मग मोठे सर, म्हणजे हेडमास्तर, उठले आणि सांगू लागले. रियाला परीक्षेत जास्तीचा वेळ. पाढ्यांचा तक्ता. मोजायला मणी.

मणी! तिचे मणी चालणार आणि माझी पानं कचरा.

मी उभी राहिले. मायनं फ्रॉक ओढला. "बस खाली व, मालक समोर बसेल शे." मी नाही बसले.

"मॅडम, ये सिर्फ मालिक के बच्चों को होता है क्या?"

सगळ्या माना वळल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नहीं बेटा. किसी को भी हो सकता है." मोठे सर लगेच म्हणाले, "इसका कागज है. तेरा है?"

नव्हता. कोण नेणार होतं मला इंदूरला?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फळ्यावर तीच वजाबाकी.

"हाथ आगे कर."

"नहीं करूँगी."

"नाम कटवा दूँगा."

नाव कापलं की मी बागेत, मायच्या मागे घड वाहायला. भीती वाटली. खूप वाटली. पण हात मागे घेतले ते घेतलेच. फ्रॉकच्या खिशातून पानांचे तुकडे काढले आणि टेबलावर मांडायला लागले. बासष्ट. सर ओरडत होते, मी मोजत होते. अठ्ठावीस बाजूला केले. राहिलेले परत मोजले, दोनदा.

"चौंतीस."

सरांनी कानाखाली वाजवली. तरी चौतीसच.

नाव कापलं नाही. रिबीनही पुन्हा सुटली नाही. पण मला ना तक्ता मिळाला, ना वेळ. गणितात दर वर्षी काठावर, धापा टाकत. रिया आणि मी एकमेकींशी कधी बोललो नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिला मिळालं ते बरोबरच होतं. राग आहे तो याचा, की ते मागायला आधी बंगला लागत होता.

आता बहिणीची पोर दुसरीत आहे. काल रडत आली. सरांनी तिला दोन्ही हात बुडाखाली दाबून बसवलं, का तर बोटं मोजते. सर वेगळे, शाळा वेगळी. शब्द तेच: "तुम लोगों के दिमाग में."

कालपासून मी घरात नुसती येरझारा घालतेय. उद्या शाळा उघडताच मी दारात असणार. पोरीच्या कंपासपेटीत पानं भरून ठेवली आहेत, मोजली नाहीत. कागद कुठंय विचारतील. कागद नाही, पोरगी आहे, असं सांगणार. आणि तिचे हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.