मांडवगडच्या तळ्यावर आत्याचे सोवळे

चैत्रात देवासहून निघालो तेव्हा माझ्या वळकटीत दोन धोतरे होती आणि आमच्या सुधारक मंडळाच्या पत्रकांचा जाडजूड गठ्ठा. मथळा मीच दिलेला: 'सोवळे की बेडी?' काम मात्र घरचे होते. यंदा उन्हाळ्यात सगळे घर मांडवगडच्या डोंगरावर, रानातल्या एका लहानशा तळ्याकाठी, राहुट्या ठोकून राहणार होते. जागा बघून बंदोबस्त ठरवायला काकांनी मला धारेस बोलावले होते.

माझ्या डोक्यात दुसरेच होते. आमची आत्या, म्हणजे काकांची अक्का, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली ती थेट चुलीपुढे बसली. घराचे सगळे सोवळे तिच्या एकटीच्या अंगावर. पहाटे ओलेत्याने पाणी भरायचे आणि दुपारपर्यंत धुरात डोळे पुसायचे. बाकीचे जेवून सोवळ्याचे कौतुक करतात. एक उन्हाळा तरी तिला चुलीपासून सोडवायचे, असा माझा निश्चय होता.

काका धारच्या दरबारात नोकरीला. मी टांग्यातून उतरतो तोच त्यांनी बेत ऐकवला. राहुट्या फरासखान्यातून (दरबारच्या तंबूंच्या कोठारातून) मिळतील, तांदूळ घरचे. "आणि अक्का येईलच. रानात सोवळ्याचं दुसरं कोण करणार?"

"म्हणजे हवा आपण खायची आणि धूर तिनं."

"तू जेवतोस ना तिच्या हातचं?"

"जेवतो."

"मग गप बस."

याला आमच्या समाजात वादविवाद म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने गड चढलो. पळस झडत आला होता, खाली निमाडची दरी भट्टीसारखी धुरकट, आणि वर येताच वारा असा गार की काकांनी उपरणे कानाला गुंडाळले. वाटेत गाडीवानाने मांडूकी इमली (गोरखचिंचेचे बोंड) फोडून दिली. ती इतकी आंबट की काका बराच वेळ बोलले नाहीत. सगळ्या प्रवासात हा टप्पा मला फार रमणीय वाटला.

तळे छान होते. तीन बाजूंनी सागाचे रान, काठावर खिरणीचे मोठे झाड. राहुट्यांजोगी सपाट जागा मात्र वर, आणि पाणी खाली. काका एकदा उतरून वर आले आणि दगडावर टेकले.

"भिया, याँ तो पखाल को ज पाणी चाले," गाडीवान म्हणाला. (इथे पखालीचेच पाणी चालते.)

पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादायची चामड्याची पिशवी. आमच्या घरी तिचे नाव काढले तरी आत्या चूळ भरते. मी याच संधीची वाट पाहत होतो. "काका, तुमच्या पायातले जोडे कशाचे? या चढावर बाईची पाठ मोडायची की रेड्याची, ते एकदा ठरवा."

काकांनी चढाकडे पाहिले, गुडघ्याकडे पाहिले. "रानात आपद्धर्म चालतो," ते म्हणाले. "सांग पखाल. पण अक्काच्या कानावर घालू नकोस."

आनंदाच्या भरात मी गाडीवानाला एक पत्रक दिले. त्याने त्यात तंबाखू बांधली.

वैशाखात घर दाखल झाले. आत्या गाडीतून उतरली आणि तळ्याकडे बघत उभी राहिली. एवढ्यात पखालीवाला रेडा हाकत वर आला. काका घाईने राहुटीची मेख ठोकू लागले. ती आधीच ठोकलेली होती.

"विनू, हे पाणी कुणासाठी रे?"

"सगळ्यांसाठी," मी छाती काढून म्हणालो. "तुला आता ओलेत्यानं चढायला नको."

"चामड्यातलं. सगळ्या भांड्यांत भरलं?"

"सगळ्या."

आत्या आपल्या गाठोड्यावर बसली. "मग माझं सोवळं इथं जमायचं नाही. या भांड्यांना हात लावणार नाही, त्या चुलीपुढं बसणार नाही. माझ्यापुरत्या दशम्या आहेत, गवळ्याकडून दूध घेईन. तुमचं तुम्ही करा."

"अक्का, रानात आपद्धर्म चालतो," काका म्हणाले.

"तुला चालतो ना? मग तू रांध."

सोवळ्याचे अभिमानी काका सोवळे मोड असे कसे म्हणणार? त्यांनी भात लावला, मी वरण. पत्रकात मी 'चूल पुरुषानेही पेटवावी' असे ठासून लिहिले होते. ती कशी पेटते ते लिहायचे राहिले होते. काकूने दोन घास खाल्ले आणि आत्याकडे दशमी मागितली.

आत्या खिरणीखाली पाय पसरून बसे, पिकल्या खिरण्या खाई, स्वतःपुरता तांब्या तळ्यातून भरून घेई आणि तिथूनच हाक देई, "विनू, वास आला. भात लागला तुमचा."

मला राहवेना. "आत्या, तोच रेडा तळ्यात डुंबतो."

"डुंबू दे. तळं चामड्याचं नाही."

मुक्काम आटोपून देवासला परतलो. राहुट्यांची हवा मला मानवली नाही, काकांना तर मुळीच नाही. आत्या मात्र उजळून आली होती. दुसऱ्याच दिवशी ती ओलेत्याने चुलीपुढे बसली. मला ते पाहवेना. शेजारी बसून मी सबंध पत्रक तिला वाचून दाखवले. आता आळीत वाटतो आणि पहिले काकांनाच पाठवतो, असे म्हणालो.

तिने फुंकणी खाली ठेवली. "खरं लिहिलंयस बाबा. शब्दन् शब्द खरा." मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "पण काकाला एवढ्यात देऊ नकोस. पुढचा वैशाख यायचाय, खिरणीखाली बसायला सोवळं लागेल."

गठ्ठा माळ्यावर ठेवला आहे.