चार वाजताची फेज

आमच्या घरात वीज हे खातं माझं. स्वयंपाकघर बायकोचं, बाहेरची धावपळ मुलाची आणि वीज माझी, अशी वाटणी मीच केलेली आहे; हा मान मला दुसऱ्या कुणी दिल्याचं आठवत नाही. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, आदिलाबादहून तासाभरावर. रस्त्याला लागून किराणा दुकान, त्यामागं पत्र्याचं गोदाम आणि त्याच्याही मागं राहतं घर. कधीकाळी दुकानात पिठाची गिरणी होती, म्हणून मीटर तीन फेजचं, म्हणजे लाल, पिवळी, निळी अशा विजेच्या तीन वेगळ्या तारांचं. गिरणी गेली, मीटर राहिलं आणि तीन फेजची मिजास माझ्यात राहिली.

सून किनवटची. गणितात हुशार. लग्नाआधीपासून कॉम्प्युटरवरून मुलांना शिकवायची. बोलणीच्या वेळी तिनं एकच गोष्ट मागितली होती, शिकवणं सोडायला लावू नका. मी चहाची बशी तोंडाला लावता लावता शब्द देऊन टाकला. लग्नानंतर तिला एका नव्या संस्थेनं महिनाभर पारखायला घेतलं. दुपारी साडेतीन ते पाच, नववीची मुलं. वर्ग तीनदा तुटला तर काम दुसऱ्याला, असं आधीच सांगितलेलं.

इंटरनेट दुकानात, तिची खोली सगळ्यात मागं. मधल्या पत्र्यातून वाय-फाय पुढं जाईना. मी छपरावरून केबल ओढली. वांदरांना वाटलं, झोका बांधलाय. दोन दिवस झुलले, तिसऱ्या दिवशी तोडला. मग गोदामातून ओढली, ती उंदरांनी खाल्ली. शेवटी मुलानं हैदराबादहून दोन पांढरे डबे आणले. एक दुकानातल्या सॉकेटमध्ये खोचायचा, दुसरा तिच्या खोलीत. भिंतीतल्या विजेच्या तारेतूनच इंटरनेट जातं म्हणाला. मला हे काही पटलं नाही. ज्या तारेवर मिक्सर फिरतो, तिच्यातून नववीचं गणित कसं जाईल? पण डबे लावले, हिरवे दिवे लागले आणि मागच्या खोलीत मुलांचे आवाज स्वच्छ यायला लागले. त्या दिवशी साखर घ्यायला आलेल्या माणसालाही मी सांगितलं, की हे वायरिंग मी वायरमनच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं आहे.

चौथ्या दिवशी चार वाजून गेल्यावर वर्ग तुटला. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच सुमारास. आता एकच संधी उरली. त्या रात्री सुनेनं भाकरी अर्धीच खाल्ली.

विजेचं खातं माझं, म्हणून तपासही माझाच. समोरच्या वेल्डिंगवाल्यावर माझा संशय. दुपारी मशीन बंद ठेव म्हणून त्याला दटावायला गेलो, तर कळलं, तो आठ दिवस सासुरवाडीला होता आणि सकाळीच परतला होता. मग वायरमनला बोलावलं. तो सकाळी आला, सगळे दिवे हिरवे बघून गेला. शेवटी मी सुनेच्या लॅपटॉपवर घसरलो. जुना झाला असेल, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती वही घेऊन आली. वर्ग तुटल्याच्या दोन्ही वेळा तिनं लिहून ठेवल्या होत्या.

"मामाजी, चार वाजता तुमी काय करता?"

मी अभिमानानं सांगितलं. शेतातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या, की आमच्या फेजचं व्होल्टेज पडतं आणि फ्रीज कण्हायला लागतो. अशा दिवशी मी उठतो आणि बोर्डावरचा दांडा फिरवून दुकान लाल फेजवरून निळ्या फेजवर घेतो. आमच्या बाजारात हे सगळेच करतात. सहा वाजता पुन्हा लालवर आणतो. मागच्या घराला हात लावत नाही, ते कायम लालवर.

तिनं दांड्याकडं बघितलं, मग डब्याकडं. मग शांतपणे सांगितलं, की दोन्ही डबे एका फेजवर असले तरच एकमेकांशी बोलतात.

आतून बायकोचा आवाज आला, "म्हणजे वर्ग तुमीच तोडून राह्यले."

वेल्डिंगवाल्याचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं.

उपाय सोपा होता: डब्याचं सॉकेट लाल फेजवर कायमचं बांधून घ्यायचं. पण वायरमन लग्नाला बेज्जूरकडं गेलेला, परवा येणार. आणि उद्या संस्थेच्या बाई स्वतः वर्गात बसणार होत्या. सून म्हणाली, उद्याचा दिवस फक्त दांड्याला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि दिवा मरगळला. पंख्याची पाती मोजता येऊ लागली. फ्रीज कण्हू लागला. रोज चारला विडीबंडल न्यायला येणारा आमच्याच गावचा म्हातारा शेतकरी म्हणाला, "सेठ, फ्रीज रडून राह्यला. फेज बदला ना."

मी म्हटलं, रडू दे.

त्याला माझी दया आली असावी. गुडघ्यावर हात टेकत तो स्वतःच दांड्याकडं निघाला. मी गल्ला ओलांडून त्याच्या आडवा गेलो आणि बोर्डाला पाठ लावून स्टूलवर बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली. आत आइस्क्रीम वितळत होतं, दुधाच्या पिशव्या गरम होत होत्या आणि तीन फेजचा मालक अंड्यावरच्या कोंबडीसारखा बसून होता. मागून सुनेचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही, फक्त सूर. तो सूर पाऊण तास तुटला नाही.

पाच वाजता ती बाहेर आली, तेव्हाही मी तसाच होतो. काम पक्कं झालं होतं. त्या बाईंनी आधीच्या दोन वेळांबद्दल विचारलं, तेव्हा तिनं व्होल्टेजचं कारण सांगितलं. वर म्हणाली, घरचे लोक यासाठी फार झटतात. तेही दुर्दैवानं खरं होतं.

मला आजही वाटतं, ती वही घेऊन ती आधी नवऱ्याकडं जाऊ शकली असती. ती माझ्याकडं आली, तेही दुकान रिकामं बघून. मी दिलेला शब्द मीच दांडा फिरवून मोडत होतो आणि तिनं तो माझ्याच हातून सांभाळून घेतला, मला हात न हलवू देता. एवढी मोठी माफी एवढ्या कमी बोलण्यात मला आजवर कुणी दिली नव्हती.

बायकोनं वितळलेलं आइस्क्रीम वाट्यांत ओतलं. सुनेनं उभ्या उभ्याच ते पिऊन टाकलं आणि मला म्हणाली, "मामाजी, वायरमन येईपर्यंत उद्याही असंच बसा."

मी बसलो.