आम, कुर्सी, चाबी

करंटकाकांच्या दाराची घंटी वाजवली की आतून "कोण?" असं कधी यायचं नाही. थेट प्रश्न यायचा. "नौसेना के नए प्रमुख कौन?" नाहीतर "यंदाच्या खेलरत्नात पहिलं नाव कोणाचं?" आपण बाहेर पायरीवर पिशवी सांभाळत उभे आणि ते आत कडीवर हात ठेवून. उत्तर बरोबर आलं की कडी निघायची. चुकलं तरी निघायची, पण बरोबर उत्तर तीनदा म्हणून झाल्यावर. दूधवाला, गॅसचं सिलिंडर आणणारा, काकूंच्या भजनी मंडळातल्या बायका, कोणालाही सूट नव्हती. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत एकेकाळी असा दूधवाला होता की जो सगळ्या राज्यपालांची नावं घडाघडा सांगायचा.

काकांना जाऊन पाच महिने झाले. परवा काकू म्हणाल्या, "मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर तू लिही, रश्मी. तुला ते जेवढे माहीत आहेत तेवढे मलापण नाहीत." त्या सहज बोलल्या. पण ते खरं आहे. काकांची एक गोष्ट मला माहीत आहे आणि ती चार वर्षं मी काकूंना सांगितलेली नाही. स्मरणिका आली की काकू चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचतात, अगदी जाहिरातीसुद्धा. तेव्हा गोड गोड लिहून सुटायची सोय नाही.

काका फॅक्टरीत टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची चालू घडामोडींची, म्हणजे करंट अफेअर्सची, रिव्हिजन घ्यायला बसले; करंटकाका हे नाव त्यावरूनच पडलं. शिकवायचं नाही, फक्त विचारायचं. "शिकवायला तुमचे कोचिंगवाले आहेत. मी विचारणारा माणूस आहे," म्हणायचे. सगळ्यांना एकच नाव, उमेदवार. प्रश्न हिंदीत विचारत, रागवत मात्र मराठीत. "काहून गप्प? येत नसेल तर येत नाही म्हण ना! अंदाज मारून निगेटिव्ह मार्क घेशील अन् मग रडत बसशील." घरी मराठी ऐकणारी आणि हिंदीत उत्तर देणारी आम्ही पोरं निमूट मान खाली घालायचो.

व्हरांड्याच्या भिंतीवर एक काळा फळा होता. कोण कुठल्या पदावर हे त्यावर खडूनं लिहिलेलं असे, आणि बाजूला खिळ्याला ओलं फडकं. सकाळी पेपर आला की आधी फडकं, मग चहा. एखादा माणूस पदावरून उतरला की काका त्याचं नाव असं पुसत की खडूची रेघही मागे राहू नये. मी एकदा जुनं नाव सांगितलं आणि वर वाद घातला की कालपर्यंत तर बरोबर होतं. काकांनी शांतपणे विचारलं, "काल तुझा पेपर होता का?"

निघताना त्यांचा एकच निरोप. अच्छा नाही, या नाही. "उद्या परत विचारीन." ती धमकी होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तोच आधारही होता. मी दोनदा पूर्वपरीक्षेत आपटले. घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, लग्नाची स्थळं यायला लागली होती, आणि या एका घरात दुसऱ्या दिवशी मला काहीतरी विचारलं जाणार होतं, एवढ्या भरवशावर मी सकाळी उठायची. तिसऱ्या खेपेला राज्यसेवेत नाव लागलं. मी पेढ्यांचा डबा घेऊन धावत गेले, घंटी वाजवली, आणि आतून प्रश्न आला. आनंदात मला काही सुचेना, काहीतरी बरळले. "तीनदा!" आतून आवाज. पेढ्यांचा डबा हातात धरून नायब तहसीलदार झालेली मी भर गल्लीत बरोबर उत्तर तीनदा म्हणत होते. मग दार उघडलं. काका आत उभे राहून डोळे पुसत होते.

एवढा जगाला विचारणारा माणूस, पण स्वतः एकही स्पर्धा परीक्षा दिलेली नव्हती. ते काकूंनीच मला सांगितलं. "लग्नानंतर यांनी दोनदा फॉर्म भरला. हॉलतिकीट आलं, मी दहीसाखर दिली, हे गेले. दोन्ही वेळा कमानिया गेटपाशी जाऊन खोव्याची जिलेबी खाल्ली अन् पेपर सुटायच्या वेळेला घरी. वरून म्हणतात, छान गेला पेपर." काकू हसून हसून सांगत होत्या. काका पेपरमागे तोंड लपवून बसले होते. थोड्या वेळानं पेपरमागून म्हणाले, "कोणी मला विचारलं की माझ्या डोक्यातलं सगळं पळून जातं, बेटा. मी विचारतो तेव्हा बरोबर राहतं." तेव्हा मीही हसले होते.

चार वर्षांपूर्वी माझी बदली पुन्हा जबलपूरला झाली आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. एका रविवारी बघते तर फळ्यावर दोन महिन्यांपूर्वी उतरलेल्या माणसाचं नाव तसंच. फडकं वाळून कडक झालेलं. वय झालं, म्हटलं, आणि मीच पुसून नवं नाव लिहिलं. पुढच्या रविवारी घंटी वाजवली तर आतून प्रश्न, "मुख्यमंत्री कौन?" मी सांगितलं. आतून, "गलत! तीनदा म्हण." आणि त्यांनी आधीच्या मुख्यमंत्र्यांचं नाव सांगितलं. पण कडी निघायला हवी होती. मी त्या पायरीवर उभी राहून ते जुनं नाव तीनदा म्हटलं.

काकूंना गुडघ्यांमुळे जमत नव्हतं, म्हणून काकांना डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर तरुण, हसतमुख. "बाबूजी, दो-चार आसान सवाल पूछूँगा." आज कौन-सा दिन, कौन-सा महीना, मुख्यमंत्री कौन. मग त्यांनी तीन शब्द सांगितले, "आम, कुर्सी, चाबी," आणि म्हणाले, पाँच मिनट बाद यही फिर पूछूँगा. मी शेजारी बसून काकांकडे बघत होते. माणसाची अशी पाचावर धारण बसलेली मी कधी पाहिली नव्हती. धोतराचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. दिवस चुकला, महिना चुकला, मुख्यमंत्री जुने. तीन शब्दांच्या वेळी त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित घाबरले असतील, रक्त तपासून घ्या आणि पंधरा दिवसांनी या, पुन्हा बघू.

ऑटोत बसल्यावर काका बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पेपर कठीण होता." त्यांनी माझा हात धरला. "पंधरा दिवस आहेत, बेटा. माझी रिव्हिजन घे. नापास झालो तर तुझी काकू मला लेकरासारखी वागवेल. अन् तिला काही सांगू नको."

मला कळत नव्हतं असं नाही. मी शिकलेली बाई आहे, डॉक्टर कशासाठी विचारतात ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण ज्या माणसानं मला दोनदा नापास झाल्यावर उभं केलं, तो माझ्या हाताला धरून म्हणत होता की मला नापास होऊ देऊ नको. मी हो म्हटलं.

पंधरा दिवस रोज सकाळी मी ऑफिसच्या आधी जायची. काकू पूजेला बसल्या की व्हरांड्यात मी विचारायची आणि ते उत्तर द्यायचे. वार, तारीख, महिना पेपरच्या माथ्यावर बघून. मुख्यमंत्री फळ्यावर. तीन शब्दांची त्यांनीच युक्ती काढली. "आम खाल्ला, कुर्सीवर बसलो, चाबी खिशात." दुपारी मी ऑफिसातून फोन करायची. "काका?" "आम, कुर्सी, चाबी." "शाबास." संध्याकाळी पुन्हा. आमच्या व्हरांड्याच्या नियमानं, दिवसातून तीनदा. इतके खूश होते काका त्या दिवसांत! कोणीतरी त्यांना विचारत होतं आणि डोक्यातलं पळून जात नव्हतं.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी मी म्हटलं, तारीख हातावर लिहून देऊ का? केवढे चिडले. "छे! कॉपी करून पास व्हायचं होय?" काकू त्या दिवशी सोबत आल्या होत्या, त्या बाहेर बाकावर बसल्या. आत डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले, तेच तीन शब्द दिले. पाच मिनिटांनी काका खणखणीत आवाजात म्हणाले, "आम, कुर्सी, चाबी." पैकीच्या पैकी. डॉक्टर म्हणाले, काही नाही, त्या दिवशी घाबरले होते, आता वर्षानं दाखवा. तेव्हाच सांगायला हवं होतं. खुर्चीवरून उठून एक वाक्य बोलायचं होतं, डॉक्टरसाहेब, यांची तयारी मी करून घेतली आहे. काकांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी हसले. बाहेर काकूंचा जीव भांड्यात पडला आणि येताना आम्ही तिघांनी कमानिया गेटवर जिलेबी खाल्ली. आयुष्यात पास झाल्याची पहिली जिलेबी, काका म्हणाले.

वर्ष पुरं व्हायच्या आत ते एका दुपारी घरातून नाहीसे झाले. मला सापडले ते त्याच जिलेबीच्या दुकानात, बाकावर, खिशात पेन. मला बघून म्हणाले, "छान गेला पेपर." नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले. म्हणाले, हा आजार बरा होत नाही, पण सुरुवातीलाच औषध दिलं तर उतार जरा हळू होतो. मागच्या वर्षीच आणायचं होतं. काकू म्हणाल्या, "मागच्या वर्षी तर चांगले होते हो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग फळा गेला, मग आमची नावं गेली. घंटी वाजवली की पहिल्यांदाच आतून "कोण?" असं यायला लागलं. मी माझं नाव तीनदा सांगायची आणि ते आतून म्हणायचे, "उद्या परत विचारीन." शेवटच्या हिवाळ्यात काकूंचं नावही गेलं. राहिले फक्त तीन शब्द. अंथरुणात पडल्या पडल्या, जेवताना, अंग पुसून घेताना, "आम, कुर्सी, चाबी." स्पष्ट, खणखणीत. अन् म्हणून झालं की दाराकडे बघायचे, कोणी शाबास म्हणेल म्हणून.

"काय मागून राहिले ग हे?" काकू मला विचारायच्या. ऐन थंडीत आंबा कुठला, म्हणून त्या मुरांबा वाटीत घेऊन बसत. फॅक्टरीतून निवृत्तीला मिळालेली खुर्ची त्यांनी पलंगाजवळ आणून ठेवली. कपाटाची चावी त्यांच्या मुठीत दिली. "सगळं तर दिलं, रश्मी. तरी काहून मागतात? अजून काय राहिलं द्यायचं?" काका मूठ उघडून चावीकडे बघत आणि पुन्हा तेच म्हणत. मी त्या खोलीत उभी होते आणि मला उत्तर येत होतं. येत नाही म्हणायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, "काय माहीत, काकू."

तेव्हापासून ते शब्द माझ्या मागे लागले आहेत. ऑफिसात खुर्ची ओढून बसताना ऐकू येतात. रात्री कुलूप लावताना ऐकू येतात. आता आंब्याचे दिवस आहेत. काकूंनी काकांच्या फोटोपुढे एक आंबा ठेवला आहे, शेजारी ती खुर्ची, खुर्चीवर चावी. तो उतरला की नवा ठेवतात. मागच्या रविवारी म्हणाल्या, "ते एक वर्ष किती छान गेलं ग. डॉक्टरांनी पास केलं होतं ना. टेन्शनच नव्हतं." मग फोटोकडे बघून विचारलं, "तू त्यांची इतकी लाडकी उमेदवार. तुला खरंच नाही माहीत, काय पाहिजे होतं त्यांना?" त्या उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चलो, आठवून ठेव. मी उद्या परत विचारीन."

काकू, त्यांना काही नको होतं. ना आंबा, ना खुर्ची, ना चावी. तो त्यांचा पेपर होता आणि तो मी फोडला. तुमच्या नवऱ्याचं एक वर्ष त्यात गेलं. तुम्ही ज्याला सुखाचं वर्ष म्हणता, तेच ते.

रविवारी मी येते. घंटी वाजली की लगेच दार उघडू नका. आधी आतून विचारा. मी पायरीवर उभी राहीन आणि तीनदा सांगीन. मग कडी काढायची की नाही, ते तुम्ही ठरवा.