सहा वजा करणारी अक्का

निवडीचं गणित सोडवायला बसली की अक्का आधी नावं लिहायची. "आठ स्त्रियांतून तिघींची समिती किती प्रकारे निवडता येईल?" असा साधा सरळ प्रश्न. आम्ही सूत्र लावून छप्पन्न उत्तर काढून पाणी प्यायला उठायचो, तेव्हा अक्काच्या वहीत मंगल, सिंधू, विमल अशा पिंपळनेरच्या आठ बायका एकीखाली एक बसलेल्या असायच्या. मग ती तिघी-तिघींचे गट पाडायची आणि उत्तर काढायची पन्नास.

"अक्का, सहा कुठे गेले?" मी विचारायची.

"मंगल आन् सिंधू एक समितीमा? त्या एकमेकीनं तोंड बी दखतस नही. भांडन व्हई ना!"

धुळ्याच्या त्या अभ्यासिकेत बोलायला बंदी होती, तरी सगळ्या खो खो हसायच्या. अक्काही हसायची, पण सहा काही परत घ्यायची नाही. लिपिकपदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आम्ही सगळ्या विशी-पंचविशीतल्या. ती मात्र दोन मुलांची आई, आणि वयोमर्यादेमुळे तिची ही शेवटची संधी. गणित सोडून बाकी सगळ्यात ती आमच्या पुढे होती. म्हणून गणित मी तिला शिकवायचं, असं ठरलं.

खरं तर तिनेच मला शिकवलं. क्रम कुठे धरायचा आणि कुठे नाही, यात मी नेहमी गोंधळायची. अक्काने एका वाक्यात माझा घोळ निस्तरला. "रेशनना दुकानमा नंबर लागस. हळदीकुंकूले कोन आधी उनी, कोन मांगून, हाई कोन विचारस व?" त्यानंतर माझं असलं एकही गणित चुकलं नाही. डब्यातली कळण्याची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवत ती असं काहीतरी बोलून जायची, आणि मला वाटायचं, ही शिक्षिका का झाली नाही?

परीक्षेच्या आठवड्यात आम्ही हॉलतिकिटं छापून आणली. तिला सगळेच अक्का म्हणायचे, तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिकिटावर ते होतं. सिंधू.

"म्हणजे ती सिंधू तू? आणि मंगल?"

"मनी मोठी जाऊ."

तीन वर्षांपूर्वी अक्काने धुळ्याला येऊन अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा घरचा चुलाही जावेवर पडला आणि अक्काची पोरंही. "तू साहेबीन व्हशी, आन् मी तुना भांडा घासू?" एवढं म्हणून मंगलने जे तोंड मिटलं ते मिटलंच. पोरांना मात्र ती वेळेवर जेवू घालायची, वेण्या घालून शाळेत पाठवायची. फक्त अक्का सुटीला घरी आली की तिच्याकडे पाठ करून बसायची. हे सांगताना अक्काच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

मी तिला बजावलं, "अक्का, पेपरात असेल तेवढंच धरायचं. घरातली माणसं आणायची नाहीत."

"हां माय," ती म्हणाली.

पेपरात सातांतून तिघांची समिती आली. कुठलीच अट नव्हती, उत्तर पस्तीस. पर्यायांत तीसही दिलेलं होतं. बाहेर येताच मी तिला गाठलं. ती चप्पल शोधत असल्यासारखी खाली बघत होती.

"तीस," ती म्हणाली. "माले मालूम व्हतं व माय. पन हात वळना नही."

निकाल लागला. माझं नाव यादीत होतं. अक्का एका प्रश्नाने हुकली. कुठल्या ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने माझ्या तोंडात पेढा कोंबला, खोलीवरची वळकटी बांधली आणि ती पिंपळनेरला निघून गेली.

त्याच रात्री तिचा फोन आला. आवाज इतका हलका होता की मला आधी ओळखूच आला नाही. "बोलनी व माय! तीन वरीसमा आज बोलनी!"

"काय म्हणाली?"

"'उनी का? जेवी ले.' बस, इतलंच." आणि अक्का रडायला लागली.

ती हरून आली म्हणून मंगल बोलली, हे मला कळत होतं. अक्कालाही कळत असणारच. फोनवर मी "बरं झालं, अक्का" असं म्हटलं, आणि ते शब्द तेव्हापासून मला टोचत राहिले आहेत.

आता मी जळगावात नोकरीला आहे. टेबल आहे, डोक्यावर पंखा आहे, लोक मॅडम म्हणतात. अक्काची फार आठवण येते, विशेषतः दुपारी डबा उघडताना. नंबर मोबाईलमध्ये आहे, पण निवडल्या गेलेल्या माणसाने राहून गेलेल्या माणसाशी सुरुवात कशी करायची, ते मला जमत नाही. मागच्या दिवाळीत हिय्या करून पिंपळनेरच्या बसमध्ये बसले होते. अलीकडेच, साक्रीला उतरले आणि परत आले.