हमीद मास्तरांचे सगळे नाईकवाडी

साल दोन हजार पंचवीस, आणि माझं वय एक्याऐंशी. या वयात माणूस दुसऱ्याच्या मयताची बातमी ऐकायला कान उघडे ठेवूनच बसलेला असतो. पण हमीद मास्तर माझ्याआधी जातील असं मी धरलं नव्हतं. ते माझ्याहून लहान, शिवाय चहात साखर न घेणारे. त्यांचा भाचा सलीम, त्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यापुढं कडबा तोडत होतो. "चाचा, मास्तर गेले. सकाळी नमाजला उठले, बसल्या जागी..." मी म्हणालो, "असं कसं गेले? परवा फोनवर भांडण अर्धं ठेवून गेलेत ते."  सलीमला ते विचित्र वाटलं असेल, पण मी खरं तेच बोललो.

आता त्यांचा चाळिसावा दिवस झाला. पेपरवाले म्हणाले, आबा, तुम्ही लिहा. मी चौथी पास, तेही गुरुजींनी कंटाळून पुढं ढकललं म्हणून. पण या माणसानं मला किती छळलं हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आमचं नातं म्हणाल तर काहीच नाही. मी धोंडिबा नाईकवाडी, जळकोटचा, शेती करणारा मराठा. ते हमीद नाईकवाडी, धाराशिवला शाळेत मास्तर होते, मुसलमान. गाठ पडली ती एका कचेरीत. दोघंही जमिनीच्या नकलेसाठी बसलेलो. आतून आवाज आला, "नाईकवाडी!" दोघंही उठलो. आतल्या माणसानं वर न बघता दोघांच्या हातात कागद ठेवले. बाहेर येऊन बघतो तर माझा कागद त्यांच्याकडं आणि त्यांचा माझ्याकडं. मी त्यांचा लगेच पुढं केला. ते माझा वाचतच उभे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी म्हणालो, "गुरुजी, दुसऱ्याचा कागद असा वाचू नये." तर हसून म्हणतात, "दुसऱ्याचा कुठं? नाईकवाडीचाच तर आहे." तिथंच मी माणूस ओळखायला पाहिजे होता. पण त्यांनी चहा पाजला, आणि मी गावाचं नाव सांगून बसलो.

त्यानंतर हा माणूस महिन्या दोन महिन्याला जळकोटच्या फाट्यावर एसटीतून उतरायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत कागद. त्यांना एकच नाद, जगात जिथं कुठं नाईकवाडी असेल तो गोळा करायचा. कुठल्या दर्ग्याच्या पायरीवर नाव कोरलंय, तर त्याचा ठसा. निजामाच्या काळातला उर्दू हुकूम, त्याची नक्कल. कुस्तीत ढाल जिंकलेला एक नाईकवाडी. ज्वारीच्या रोगावर अभ्यास केलेली एक नाईकवाडी बाई. आणि कुणी एक परदेशात बसून वटवाघळांवर जाडजूड पुस्तक लिहिणारा. ते सगळं मला वाचून दाखवायचे. पेरणी असो, काढणी असो, ते बांधावर बसून वाचणार. मी एकदा औत थांबवून विचारलं, "मास्तर, त्या वटवाघळाचा आणि माझा काय संबंध?"

"संबंध काही नाही, धोंडिबाराव. आडनाव आहे."

"मग कशाला आणलं?"

"तुम्हाला तरी मी कुठं संबंधासाठी गोळा केलंय?"

 बरं, चांगलं तेवढं तरी निवडावं की नाही? तेही नाही. शेळ्या चोरून शिक्षा झालेला एक जुना नाईकवाडी त्यांनी कुठून तरी हुडकला. मी सांगितलं, हा काढून टाका, आमच्या घराण्याला बट्टा नको. तर म्हणाले, "चोर काढला तर तुम्हालाही काढतो." मी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी तेच आले, पिशवीत आणखी दोन घेऊन. वाचून झालेले कागद ते माझ्याकडंच टाकून जायचे, तो सगळा पसारा आता माझ्या माडीवर आहे. सून रोज विचारते, आबा, हे कधी हलवणार? मी म्हणतो, मी हललो की.

खरा वाद मात्र वेगळाच होता. आमच्या घरात पिढ्यानुपिढ्या सांगत आलेत की आमचे पूर्वज नळदुर्गच्या किल्ल्यावर होते, तलवारीचे मानकरी. मास्तरांचं म्हणणं, नाईकवाडी ही काही रक्तातली गोष्ट नाही, ती नोकरी. "किल्ल्यावर जो पहाऱ्याला उभा राहिला तो नाईकवाडी. उभं करताना कुणी जात विचारली नसेल. झोप येते का, एवढंच विचारलं असेल." मी म्हणायचो, तुमचे पहारेकरी असतील, आमचे मानकरी. "तुम्ही कुठले नाईकवाडी, आम्ही कुठले!" हे वाक्य मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी शेवटी मी तोंड उघडलं की तेच आधी म्हणून मोकळे व्हायचे.

दोन वर्षांमागं थंडीत आमच्याकडं हेळवी आला. नव्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ राखणारा. कर्नाटकाकडून येतो, दारात बसतो, आपल्या बापजाद्यांची नावं वरपासून खालपर्यंत खड्या आवाजात म्हणतो, नवी जन्मलेली नावं वहीत जोडून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. पूर्वी बैलावर यायचा. आमचा भीमप्पा आता मोटारसायकलवर येतो. मास्तरांना कळल्यावर ते पहिल्या गाडीनं हजर. ओट्यावर जागा असून खाली जमिनीवर बसले, हेळव्याच्या अगदी पुढ्यात, शाळेतल्या पोरासारखे.

भीमप्पानं आमची नावं म्हटली. माझं आलं, पोरांची आली, नातवंडांची आली. मास्तरांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं यांचंच बारसं चाललंय. संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाबा, यात कुठं इब्राहिम, कासिम असं काही?"

"न्हाय जी. ज्या घरानं आमाला धान्य घातलं त्येच घर आमच्याकडं. तुमच्या घरानं कवा घातलं न्हाय."

"मग आता घालतो की!"

"आता घालून काय करायचं मास्तर? तुमच्या पुढं पोर न्हाय म्हंता. नाव जोडायचं कुणाला?"

मास्तर हसले. मला ते हसणं आवडलं नाही. फाट्यावर गाडीची वाट बघताना ते पिशवीतले कागद उगाच वरखाली करत होते. मग म्हणाले, "धोंडिबाराव, एवढ्या नाईकवाड्यांची नावं मी घेतली... माझं कोण घेणार?" मी म्हणालो, "तुमच्या नावानं मी रोज बोटं मोडतो, तेवढं पुरे न्हाय का?" त्यावर मात्र खरं हसले. गाडी आली, चढले. खिडकीतून ओरडले, "बोटं मोडताना पूर्ण नाव घेत चला!"

मयताला धाराशिवला गेलो. माणसं लई जमली होती. शिकवलेली पोरं, आता तीही म्हातारी. कबरस्तानात मीही तीन मुठी माती टाकली. पण एक गोष्ट मला तिथं उभ्या उभ्या खटकली आणि रागच आला. जो तो म्हणतोय, मास्तर गेले, मास्तर गेले. एकाच्याही तोंडी नाईकवाडी नाही. ज्या नावापायी या माणसानं चपला झिजवल्या, माझी काढणी खोळंबवली, वटवाघळंसुद्धा सोडली नाहीत, ते नाव त्याच्याच मातीला कुणी घेईना! सलीमला म्हणालो, "तुझ्या मामाचं आडनाव काय रे?" तो घाबरून म्हणाला, "चाचा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी भीमप्पाला फोन लावला. म्हणाला, आपल्या जिल्ह्यातल्या वाशीला आहे, उद्या तिथंच. थोरल्या पोराला म्हटलं, ज्वारीचं पोतं काढून ठेव. त्याला कशासाठी ते कळल्यावर म्हणाला, "आबा, भावकी काय म्हणंल?" मी म्हणालो, "भावकीला सांग, चोर काढला तर तुम्हालाही काढतो." त्याला काहीच समजलं नाही. माझ्या पोरांना बरंच समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं घेऊन एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, या वयात हे ओझं?" मी म्हणालो, "ओझ्याचं तिकीट फाड, वयाचं विचारू नको." धाराशिवला गाडी बदलली, वाशीला उतरलो. भीमप्पा एका दारात बसला होता, भोवती बायामाणसं जमलेली. मला बघून उठला. "मालक, तुमी हिकडं?" मी पोतं त्याच्यापुढं ठेवायला लावलं.

"हे हमीद नाईकवाडीच्या घरचं धान्य."

"त्ये घर आमच्याकडं न्हाय की."

"कालपर्यंत नव्हतं. आता धान्य आलंय."

"पर मालक, पुढं पोर न्हाय..."

"पुढं नसंल तर मागं जा. बाप इब्राहिम, आजा कासिम, पणजा दावूद." ही नावं मला पाठ होती. या माणसानं बांधावर बसून इतकं डोकं खाल्लं होतं की नसती झाली पाठ तरच नवल.

भीमप्पानं पोत्यातली मूठभर ज्वारी हातावर घेऊन बघितली. मग म्हणाला, "घालतो. पर कुठल्या नाईकवाडीत घालू?"

"आमच्या नावांखाली जागा हाय का?"

"हाय."

"मग विचारतोस काय? म्हण."

त्यानं हळूच सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. म्हणालो, असं नाही, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, पुन्हा म्हण. आणि तो पुन्हा म्हणेपर्यंत मी तिथंच जमिनीवर बसलो.